पंचाच्या चुकीचे मोजमाप

खेळातील पंचाला किरकोळ चुकीबद्दल अवाजवी शिक्षा होते काय, हा प्रश्न दर मोसमात कोणत्या ना कोणत्या सामन्यानंतर विचारला जातो, आणि त्याचे उत्तर बहुधा विचारणाऱ्याचा संघ जिंकला की हरला यावर ठरते. क्रिकेटपुरता विचार केला आणि गेल्या दोन दशकांतील गाजलेली प्रकरणे शेजारी शेजारी ठेवून वाचली, तर शिक्षा कठोर की सौम्य यापेक्षा ती कशाच्या आधारावर दिली जाते, हा प्रश्न अधिक मूलभूत असल्याचे दिसते. चूक कोणत्या सामन्यात घडली, किती लोकांनी ती पाहिली, ज्या संघाला ती भोवली त्याच्या मंडळाचा दबदबा किती, आणि त्या सुमारास वातावरण किती तापलेले होते, या गोष्टींनी शिक्षेचे प्रमाण ठरत आले आहे; चुकीचे स्वरूप काय होते, हा विचार त्यात बराच मागे पडतो. त्यामुळे एकाच दर्जाच्या दोन चुकांपैकी एकीबद्दल पंचाची कारकीर्द झाकोळते आणि दुसरीबद्दल त्याला साधी विचारणाही होत नाही.

पंचाच्या चुका मुळात एका जातीच्या नसतात. चेंडू बॅटची कड घेऊन गेला की पॅडला घासून गेला, झेल जमिनीला टेकण्याआधी हातात आला की नंतर, हे ठरवताना होणारी चूक ही डोळ्याकानांची चूक होय. सराव, अनुभव आणि एकाग्रता यांनी ती कमी होते, पण कितीही मुरलेल्या पंचाच्या बाबतीत ती नाहीशी होत नाही. नियमाचे कलम ऐन वेळी न आठवणे किंवा त्याचा चुकीचा अर्थ लावणे ही अभ्यासातील उणीव असते, ती टाळता येण्याजोगी असते, आणि म्हणून तिच्याबद्दल जाब विचारणे रास्त ठरते. पक्षपात किंवा लाचखोरी या गोष्टींना तर चूक म्हणताच येत नाही. ते गैरवर्तन आहे आणि त्याला क्षमा नसावी. न्यायाची थोडीशी चाड असलेल्या कोणत्याही व्यवस्थेने या तिन्हींसाठी तीन वेगळे मार्ग ठेवायला हवेत. क्रीडासंस्थांनी ते कागदावर ठेवले असले, तरी प्रसंग आला की तिन्हींची सरमिसळ होते, आणि तिचा सर्वांत मोठा फटका पहिल्या प्रकारची चूक करणाऱ्या पंचाला बसतो.

त्या पहिल्या प्रकारच्या चुकीची जागा किती अरुंद असते, हे पायचीताच्या निर्णयावरून कळते. ताशी १४० किलोमीटर वेगाने टाकलेला चेंडू गोलंदाजाच्या हातातून सुटल्यापासून फलंदाजापर्यंत पोहोचायला सुमारे अर्धा सेकंद घेतो. एवढ्या अवधीत गोलंदाजाच्या टोकाला उभ्या असलेल्या पंचाला चेंडू कोठे टप्पा घेतो आणि पॅडवर कोठे आदळतो हे पाहायचे असते, आणि तो आदळला नसता तर पुढे यष्टींवर गेला असता काय याचा मनाशी अंदाज बांधायचा असतो. टप्पा लेग यष्टीच्या बाहेर पडला असेल तर फलंदाज बाद होत नाही. फटका मारण्याचा खरा प्रयत्न झाला असेल आणि चेंडू ऑफ यष्टीच्या रेषेबाहेर पॅडला लागला असेल, तरीही होत नाही. चेंडूने आधी बॅटला स्पर्श केला असेल, तर पायचीताचा प्रश्नच उरत नाही. या सर्व अटी जुळल्या तरच बोट वर करायचे. शिवाय अगदी अलीकडेपर्यंत या पाहण्याच्या आधी आणखी एक पाहणे असे: गोलंदाजाचा पुढचा पाय क्रीझच्या रेषेमागे पडला की नाही, म्हणजे चेंडू नोबॉल आहे काय, हे खाली बघून ठरवायचे आणि लगेच नजर वर उचलून बावीस यार्डांवरच्या फलंदाजावर स्थिर करायची. मान खाली आणि क्षणार्धात वर, ही हालचाल पंच कसोटीच्या एका दिवसात पाचशेच्या आसपास वेळा दोघांत वाटून करत असत. अकरा जण एकाच वेळी ओरडून अपील करत असताना, हजारो प्रेक्षकांच्या गोंगाटात बॅटच्या कडेचा बारीकसा आवाज कानांनी टिपायचा असतो, हे वेगळेच.

आता शिक्षांकडे वळता येते. २८ एप्रिल २००७ रोजी बार्बाडोसमधील ब्रिजटाऊन येथे ऑस्ट्रेलिया आणि श्रीलंका यांच्यात विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. पावसामुळे तो प्रत्येकी ३८ षटकांचा करण्यात आला होता. अॅडम गिलख्रिस्टच्या १४९ धावांच्या बळावर ऑस्ट्रेलियाने ४ बाद २८१ धावा केल्या. श्रीलंकेच्या डावात पुन्हा पाऊस आल्याने तो डाव ३६ षटकांवर आला. ३३ षटके झाल्यावर उजेड इतका कमी झाला की श्रीलंकेच्या फलंदाजांनी खेळ थांबवण्याची पंचांची तयारी मान्य केली. तेव्हा त्यांना १८ चेंडूंत ६३ धावा हव्या होत्या, म्हणजे सामना व्यवहारतः संपला होता, आणि ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूंनी जल्लोषही सुरू केला होता. स्पर्धेच्या नियमांनुसार दुसऱ्या डावात वीस षटके पूर्ण झाली असली, की निकाल लागण्यासाठी तेवढे पुरेसे होते. पंचांनी मात्र उरलेली तीन षटके टाकावीच लागतील, गरज पडल्यास दुसऱ्या दिवशी, असे कर्णधारांना सांगितले. महेला जयवर्धने आणि रिकी पॉन्टिंग यांनी समंजसपणे तोडगा काढला, ऑस्ट्रेलियाने फक्त फिरकी गोलंदाज वापरले, आणि जवळजवळ काळोखात ती तीन षटके उरकली गेली. ऑस्ट्रेलिया ५३ धावांनी जिंकला.

ही चूक नियम न आठवण्याची होती, म्हणजे वर सांगितलेल्या दुसऱ्या प्रकारातली. तिच्याबद्दल जाब विचारणे योग्यच होते. परंतु आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने, म्हणजे आयसीसीने, स्टीव्ह बकनर आणि अलीम दार हे मैदानावरील दोन पंच, तिसरे पंच रूडी कोर्टझन, राखीव पंच बिली बाउडेन आणि सामनाधिकारी जेफ क्रो अशा पाचही जणांना त्याच वर्षी सप्टेंबरात दक्षिण आफ्रिकेत होणाऱ्या पहिल्या टी-२० विश्वचषकातून वगळले. त्या चुकीने निकाल बदलला नव्हता, कोणत्याही खेळाडूचे नुकसान झाले नव्हते. झाली होती ती संयोजकांची जगभर शोभा. शिक्षेचे खरे कारण ते होते, असे म्हणावे लागते.

या घटनेपुढे १४ जुलै २०१९चा लॉर्ड्सवरील विश्वचषकाचा अंतिम सामना ठेवून पाहावा. इंग्लंडला शेवटच्या तीन चेंडूंत ९ धावा हव्या असताना बेन स्टोक्सने चेंडू टोलवला, न्यूझीलंडच्या मार्टिन गप्टिलने सीमेजवळून फेक केली, आणि दुसऱ्या धावेसाठी सूर मारणाऱ्या स्टोक्सच्या बॅटला लागून चेंडू सीमेपार गेला. पंच कुमार धर्मसेना यांनी सहकाऱ्यांशी बोलून सहा धावांची खूण केली. ओव्हरथ्रो, म्हणजे क्षेत्ररक्षकाच्या फेकीवर मिळणाऱ्या जादा धावा, यांविषयीचे १९.८ हे कलम असे सांगते की चौकाराच्या धावांत आधी पूर्ण झालेल्या धावा मिळवायच्या, आणि चालू असलेली धाव मात्र फेक होण्याच्या क्षणी फलंदाजांनी एकमेकांना ओलांडले असेल तरच मोजायची. गप्टिलच्या हातून चेंडू सुटला तेव्हा स्टोक्स आणि आदिल रशीद यांनी एकमेकांना ओलांडले नव्हते. म्हणून पाचच धावा द्यायला हव्या होत्या आणि पुढचा चेंडू रशीदने खेळायला हवा होता. सामना बरोबरीत सुटला, सुपर ओव्हरही बरोबरीत सुटली, आणि अधिक चौकार-षटकारांच्या हिशेबावर इंग्लंड विश्वविजेता ठरला. एका धावेचे मोल याहून अधिक कधी झाले असेल, हे सांगणे कठीण आहे. धर्मसेना यांनी पुढे श्रीलंकेतील एका वृत्तपत्राला मुलाखत देताना, टीव्हीवर पाहिल्यावर निर्णयात चूक दिसते हे मान्य केले, पण त्याचा पश्चात्ताप नाही असेही सांगितले. त्यांच्यावर वा दुसरे पंच मराय इरास्मस यांच्यावर निलंबनाची कारवाई झाली नाही.

कारवाई झाली नाही हे योग्यच झाले. त्या क्षणी दोन पंचांना फेकणारा, धावणारे दोघे, यष्टी आणि सीमारेषा यांवर एकाच वेळी नजर ठेवायची होती, आणि फेक सुटण्याचा नेमका क्षण नोंदवून ठेवण्याची गरज चेंडू बॅटला लागण्याआधी कोणाच्या मनातही येण्यासारखी नव्हती. पण मग २००७ साली पाच जणांना वगळण्याला आधार कोणता होता, याचे उत्तर आयसीसीच्या कोणत्याही संहितेत सापडत नाही. निकाल न बदलणाऱ्या चुकीला निलंबन आणि विश्वचषकाचा मानकरी ठरवू शकणाऱ्या चुकीला समजूतदारपणा, हे दोन्ही एकाच संस्थेचे निर्णय आहेत. त्याच २०१९च्या स्पर्धेत उपांत्य सामन्यात धर्मसेना यांनी ८५ धावांवर खेळणाऱ्या जेसन रॉयला यष्टीमागे झेलबाद दिले. चेंडू बॅटला लागला नव्हता. मैदानावर नाराजी दाखवल्याबद्दल रॉयच्या मानधनातून ३० टक्के रक्कम कापण्यात आली. खेळाडूच्या नाराजीला नेमका आकडा ठरलेला असतो आणि पंचाच्या चुकीला मात्र वातावरण पाहून माप लावले जाते, ही तफावत या एका सामन्यातही दिसते.

भारतीय वाचकांच्या आठवणीत सर्वांत खोल रुतलेले प्रकरण अर्थातच सिडनीचे आहे. जानेवारी २००८मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या दुसऱ्या कसोटीत अँड्र्यू सायमंड्स ३० धावांवर असताना इशांत शर्माच्या चेंडूवर यष्टीमागे झेलला गेला. बकनर यांनी त्याला नाबाद ठरवले, आणि तो १६२ धावांवर नाबाद राहिला. बॅटची कड लागली होती, हे त्याने नंतर स्वतःच सांगितले. शेवटच्या दिवशी बचाव करणाऱ्या राहुल द्रविडला बकनर यांनीच झेलबाद दिले, जेव्हा चेंडू बॅटला नव्हे तर पॅडला लागलेला होता. सौरव गांगुलीच्या झेलाबाबत दुसरे पंच मार्क बेन्सन यांनी निर्णयासाठी ऑस्ट्रेलियाचा कर्णधार पॉन्टिंग याच्या शब्दावर विसंबणे पसंत केले. दिवस संपायला अवघी काही मिनिटे उरली असताना मायकेल क्लार्कने एकाच षटकात शेवटचे तीन बळी घेतले आणि भारत १२२ धावांनी हरला. त्यातच हरभजनसिंगवर वांशिक शेरेबाजीच्या आरोपावरून तीन कसोटींची बंदी आली, भारतात पुतळे जळाले, दौरा अर्धवट सोडण्याची भाषा सुरू झाली. ८ जानेवारीला आयसीसीने पर्थच्या तिसऱ्या कसोटीतून बकनर यांना दूर केले आणि त्यांच्या जागी बाउडेन यांना नेमले. तणाव निवळावा म्हणून हे पाऊल उचलल्याचे परिषदेचे तत्कालीन मुख्य कार्यकारी अधिकारी माल्कम स्पीड यांनी सांगितले.

या स्पष्टीकरणात शिक्षेचा पाया उघड झाला. बकनर यांना हटवण्याचे कारण त्यांच्या कामगिरीचे मूल्यमापन नव्हते, तर एका बलाढ्य मंडळाचा राग आणि दौऱ्यात गुंतलेला पैसा होता. सिडनीतील चुका किरकोळ नव्हत्या, त्यांनी सामन्याची दिशा बदलली, आणि भारतीय संघाचा संताप समजण्यासारखा होता, हे सगळे मान्य केले तरी एका संघाच्या मागणीवरून मालिकेच्या मध्यावर पंच बदलता येतो हा पायंडा खेळासाठी घातक होता. विश्वचषकाच्या १९९२ ते २००७ या काळातील पाचही अंतिम सामन्यांत उभ्या राहिलेल्या पंचाची ही गत होऊ शकते, तर पहिल्या पाच-दहा कसोटींचा अनुभव असलेल्या तरुण पंचाने त्यातून काय धडा घ्यायचा? बकनर पुढे २००९पर्यंत पंचगिरी करत राहिले आणि १२८ कसोटींवर थांबले. २०२० साली मुंबईच्या ‘मिड-डे’शी बोलताना त्यांनी सिडनीतील दोन चुका आपल्याच होत्या आणि त्यांतील एकीमुळे भारताने कदाचित सामना गमावला असावा, अशी स्पष्ट कबुली दिली. बारा वर्षांनंतर एवढ्या सरळपणे बोलणारा माणूस त्या आठवड्यात बोलू शकला नाही, कारण पंचाने निर्णयावर जाहीर भाष्य करायचे नाही असा दंडक आहे. खेळाडूला सामन्यानंतर पत्रकार परिषद मिळते, कर्णधाराला पंचांविषयी अहवाल भरता येतो; पंच मात्र गप्प राहतो.

चूक करणाऱ्या पंचाला मिळालेली वेळ आणि संधी काय करू शकते, याचे उदाहरणही धर्मसेना यांच्याच कारकिर्दीत आहे. ऑक्टोबर २०१६मध्ये चितगाव येथे बांगलादेश आणि इंग्लंड यांच्यातील कसोटीत, हातभर वळणाऱ्या खेळपट्टीवर, त्यांचे आठ निर्णय पुनरावलोकनात उलटवले गेले. त्या आठवड्यात त्यांना काढून टाकावे असे म्हणणाऱ्यांची संख्या कमी नव्हती. परिषदेने तसे केले नाही, आणि २०१८ साली हेच धर्मसेना वर्षातील सर्वोत्तम पंच ठरले. एका सामन्यावरून पंच जोखणे किती फसवे असते, याचा याहून स्वच्छ पुरावा मागण्याचे कारण नाही.

भारतीय पंचांच्या बाबतीत २८ मार्च २०१९ची बंगळुरूची रात्र पुन्हा पुन्हा आठवली जाते. आयपीएलच्या त्या सामन्यात बंगळुरूला शेवटच्या चेंडूवर सात धावा हव्या होत्या. लसिथ मलिंगाने चेंडू टाकला, मुंबई इंडियन्सने सहा धावांनी सामना जिंकला, आणि मोठ्या पडद्यावरच्या पुनर्दर्शनात मलिंगाचा पाय रेषेच्या बराच पुढे पडल्याचे साऱ्या मैदानाला दिसले. पंच सुंदरम रवी यांच्या नजरेतून तो नोबॉल सुटला होता. विराट कोहलीने सामन्यानंतर जाहीरपणे कडक शब्दांत टीका केली. रवी हे तेव्हा आयसीसीच्या एलीट पॅनेलवरील, म्हणजे कसोटी सामन्यांसाठी नेमल्या जाणाऱ्या मोजक्या पंचांच्या गटातील, एकमेव भारतीय होते. त्याच वर्षी जुलैत वार्षिक फेररचनेत त्यांचे नाव गळाले. परिषदेने त्याचा संबंध त्या नोबॉलशी जोडला नव्हता, आणि तसा तो जोडणे योग्यही होणार नाही. परंतु कारणे प्रसिद्ध होत नसल्यामुळे लोकांच्या मनात तो जोडला गेला तो कायमचा. पारदर्शकतेच्या अभावाची किंमत इथेही पंचानेच मोजली.

आणि ती चूक मुळात कोणाची होती? त्याच वर्षी नोव्हेंबरात ब्रिस्बेन येथील ऑस्ट्रेलिया–पाकिस्तान कसोटीच्या एका दिवशी दोन सत्रांत २१ नोबॉल पंचांच्या नजरेतून सुटल्याचे तेथील वाहिनीने मोजून दाखवले. जगातील उत्तम पंचांकडून हे घडत असेल, तर दोष माणसाचा नसून कामाच्या रचनेचा असतो. अखेर २०२०पासून पुढच्या पायाचा नोबॉल पाहण्याची जबाबदारी कॅमेऱ्यासमोर बसलेल्या तिसऱ्या पंचाकडे देण्यात आली आणि हा वाद जवळपास संपला. म्हणजे जी चूक यंत्रणेत एक साधा बदल करून टाळता येत होती, तिच्याबद्दल वर्षानुवर्षे माणसांना दूषणे दिली गेली. फुटबॉलमध्येही असेच घडले: २०१०च्या विश्वचषकात जर्मनीविरुद्ध फ्रँक लॅम्पार्डचा चेंडू गोलरेषेच्या स्पष्ट आत पडूनही गोल दिला गेला नाही, त्या सामन्याचे पंच होर्हे लारिओंदा यांना उरलेल्या स्पर्धेत काम मिळाले नाही, आणि दोन वर्षांनी गोलरेषेचे तंत्रज्ञान स्वीकारले गेले.

तंत्रज्ञानाची दुसरी बाजूही आहे. डीआरएस, म्हणजे खेळाडूने मागितलेले निर्णयाचे पुनरावलोकन, ही पद्धत जुलै २००८मध्ये भारताच्या श्रीलंका दौऱ्यात प्रथम आजमावली गेली. सिडनीचा घाव ताजा असलेल्या भारतानेच पुढे कित्येक वर्षे द्विपक्षीय मालिकांत तिला विरोध केला आणि २०१६ साली इंग्लंडविरुद्धच्या मालिकेपासून ती स्वीकारली. या पद्धतीने ढोबळ चुका दुरुस्त होऊ लागल्या, हा तिचा मोठा गुण. पण पूर्वी ज्या चुकीबद्दल चहापानाच्या वेळी कुजबूज होत असे, ती आता मोठ्या पडद्यावर, निर्णय देणाऱ्या पंचाच्या देखत, रंगीत रेषांसह उलटवली जाते, आणि त्याला हातांची फुली करून स्वतःचा निर्णय जाहीरपणे मागे घ्यावा लागतो. पायचीताच्या पुनरावलोकनात चेंडूचा निम्म्याहून कमी भाग यष्टीला लागत असेल तर मैदानावरील पंचाचा मूळ निर्णय कायम राहतो. यालाच ‘अंपायर्स कॉल’ म्हणतात. यंत्राच्या अंदाजालाही मर्यादा आहेत, म्हणून संशयास्पद पट्ट्यात माणसाच्या निर्णयाला मान द्यावा, असा त्यामागचा सुज्ञ विचार आहे. समालोचन कक्षातून आणि समाजमाध्यमांतून मात्र त्यावर जी टीका होते, तिच्यातून एवढेच कळते की यंत्राची अनिश्चितता लोक एक वेळ चालवून घेतील, माणसाची चालवून घ्यायला ते तयार नाहीत. याचा परिणाम पंचांच्या वागण्यावर झाला आहे: फलंदाज क्रीझच्या हातभर आत असतानाही धावचीताचा निर्णय तिसऱ्या पंचाकडे पाठवला जातो. ज्याला चुकण्याची धास्ती आहे, तो निर्णय घेण्याचेच टाळतो, आणि निर्णय घेणे हे तर त्याचे काम असते.

जुन्या काळी पंचांना सन्मानाने वागवले जाई, असे समजण्याचे कारण नाही. फेब्रुवारी १९८१मध्ये मेलबर्नला डेनिस लिलीच्या चेंडूवर पायचीत दिले गेल्यावर सुनील गावसकर यांनी, चेंडू आधी बॅटला लागला होता असे वाटून, साथीदार चेतन चौहान यांनाही सोबत घेऊन मैदान सोडायला सुरुवात केली. संघव्यवस्थापक शाहिद दुराणी यांनी सीमारेषेजवळ चौहान यांना परत पाठवले म्हणून सामना वाचला, आणि भारताने तो जिंकलाही. आपल्या त्या कृतीबद्दल गावसकर यांनी पुढे जाहीर खेद व्यक्त केला. पण त्याच्या एक वर्ष आधी, फेब्रुवारी १९८०मध्ये, मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर सुवर्णमहोत्सवी कसोटीत इंग्लंडच्या बॉब टेलरला पंच हनुमंतराव यांनी झेलबाद दिले असता, चेंडू बॅटला लागला नसल्याची खात्री असलेल्या कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ यांनी त्याला परत बोलावले. टेलर आणि इयन बोथम यांनी १७१ धावांची भागी रचली आणि भारत दहा गडी राखून हरला. पंचाची चूक झाली, ती खेळाडूने दुरुस्त केली, आणि पंचाच्या पदराला त्याचा डाग लागला नाही. मुंबईकर क्रिकेटरसिक आजही त्या पराभवाची आठवण अभिमानाने काढतात.

मुंबईचा पंचगिरीशी संबंध एवढ्यापुरता नाही. माधव गोठोस्करांसारखे कसोटी पंच याच शहराच्या मैदानांवरून पुढे आले. आणि १९८६मध्ये लाहोर येथे पाकिस्तान–वेस्ट इंडीज कसोटीत तटस्थ पंच म्हणून व्ही. के. रामस्वामी यांच्यासोबत उभे राहिलेले पिलू रिपोर्टर हेही मुंबईचेच. पाहुण्या संघांचा यजमान पंचांवर विश्वास उरला नव्हता अशा काळात, आपल्या देशाचा संघ खेळत नसलेल्या सामन्यात दोन भारतीय पंचांना बोलावले गेले, हा त्यांच्या सचोटीचा गौरव होता. तटस्थ पंचांची पद्धत पुढे सर्वत्र रूढ झाली, आणि पक्षपाताचा संशय जसा ओसरला, तशी साध्या चुकीकडे साधी चूक म्हणून पाहण्याची सोयही निर्माण झाली. ती सोय वापरली गेली नाही, ही खंत आहे.

अधिकृत शिक्षेपेक्षा अनधिकृत शिक्षा अधिक जाचक असते, हेही नोंदवायला हवे. २०२३च्या रग्बी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात व्हिडिओ पंच असलेले टॉम फोली यांनी समाजमाध्यमांतील शिवीगाळ आणि धमक्यांमुळे आंतरराष्ट्रीय कामातून माघार घेतली. नेदरलँड्समध्ये डिसेंबर २०१२मध्ये मुलांच्या फुटबॉल सामन्यात हौसेने रेषापंचाचे काम करणाऱ्या एका पालकाला किशोरवयीन खेळाडूंनी इतके मारले की त्यांचा मृत्यू झाला. महाराष्ट्रानेही अलीकडेच एक लाजिरवाणे दृश्य पाहिले: २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगर येथे महाराष्ट्र केसरी स्पर्धेत गादी विभागाच्या अंतिम कुस्तीत, आपले दोन्ही खांदे गादीला टेकले नसताना आपल्याला चितपट दिले असा दावा करत एका नामवंत मल्लाने पंचाची कॉलर धरून त्याला लाथ मारली, आणि त्याच संध्याकाळी किताबाच्या लढतीतही दुसऱ्या एका मल्लाने पंचाशी हुज्जत घातली. दोन्ही मल्लांवर तीन वर्षांची बंदी घालण्यात आली. निर्णय बरोबर होता की चूक, हा वाद कुस्तीतल्या जाणकारांनी चित्रफिती पाहून सोडवावा. पण तो चूक असला तरी लाथेचे समर्थन होऊ शकत नाही. त्यानंतरच्या चर्चेत अनेकांनी ते केले, ही त्या लाथेइतकीच गंभीर गोष्ट आहे.

या सगळ्याचा परिणाम वरच्या पातळीवर नव्हे, तर खालच्या पातळीवर मोजावा लागतो. जुलै २०२२मध्ये अहमदाबाद येथे भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने महिला आणि कनिष्ठ गटांच्या सामन्यांसाठी पंच निवडण्याकरिता दुसऱ्या पातळीची परीक्षा घेतली, तेव्हा सुमारे १४० उमेदवारांपैकी अवघे तीन उत्तीर्ण झाल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. प्रश्न कलमे पाठ आहेत काय हे तपासणारे नव्हते. पॅव्हेलियनची किंवा क्षेत्ररक्षकाची सावली खेळपट्टीवर पडली आणि फलंदाजाने तक्रार केली तर काय कराल, अशा प्रसंगावधानाची परीक्षा घेणारे होते. परीक्षा कठीण असावी, यात वाद नाही. मात्र एवढ्या कष्टाने तयार होणारा माणूस पहिल्याच मोठ्या चुकीनंतर टीकेच्या तोंडी देणे हा त्या कष्टांचा अपमान आहे. आझाद मैदानावर एका सामन्याचा क्षेत्ररक्षक शेजारच्या सामन्याच्या पंचाजवळ उभा असतो. पावसाळ्यातल्या कांगा लीगमध्ये ओल्या खेळपट्टीवर चेंडू कधी थांबून येतो, कधी सरपटत जातो. तेथे तिसरा पंच नसतो, पुनर्दर्शन नसते, दिवसाचे मानधन तुटपुंजे असते. आणि सीमारेषेवर हातात मोबाइल धरून उभे असलेले पालक व प्रशिक्षक मात्र असतात. टीव्हीवर तारांकित खेळाडू पंचाकडे पाहून हात पसरताना दिसला, की पुढच्या रविवारी चौदा वर्षांचा मुलगाही तसेच हात पसरतो.

पंचांना जबाबदार धरूच नये, असे कोणी म्हणणार नाही. एखाद्या पंचाची निर्णयक्षमता खरोखर उतरणीला लागली असेल, तर त्याला बाजूला करणे खेळाडूंच्या दृष्टीने न्याय्यच आहे. खेळाडूच्या कारकिर्दीचाही एका चुकीच्या निर्णयाने घात होऊ शकतो, आणि ज्याला संघातील जागा टिकवण्यासाठी एकच डाव मिळणार आहे त्याच्या दृष्टीने कोणतीही चूक किरकोळ नसते. ही दुसऱ्या बाजूची सर्वांत प्रामाणिक तक्रार आहे आणि तिला बगल देता येत नाही. परंतु तिचे निवारण एका सामन्यावरून पंच घरी बसवण्याने होत नाही. बकनर पर्थला नव्हते म्हणून द्रविडला सिडनीतला डाव परत मिळाला नाही. मूल्यमापन संपूर्ण मोसमाचे, सर्व निर्णयांचे आणि खेळपट्टीची काठिण्यपातळी लक्षात घेऊन व्हावे. श्रेणी घटली तर तिची कारणे पंचाला लेखी मिळावीत आणि त्यांचा सारांश जाहीर व्हावा. चालू मालिकेत कोणत्याही मंडळाच्या मागणीवरून नेमणूक बदलू नये. आणि निर्णयानंतर पंचाला, त्याची इच्छा असेल तर, आपली बाजू चार वाक्यांत मांडण्याची मुभा असावी. क्रिकेटच्या नियमांतील २.१२ हे कलम पंचाला आपला निर्णय तत्काळ बदलण्याचा अधिकार देते. हा अधिकार क्वचितच वापरला जातो, कारण बदललेल्या निर्णयाकडे प्रामाणिकपणा म्हणून न पाहता दुबळेपणा म्हणून पाहिले जाते. पंचांच्या प्रशिक्षणात या कलमाला आज आहे त्याहून बरीच मोठी जागा मिळायला हवी.

खालच्या पातळीसाठी एक उपाय तर तयारच आहे. युरोपीय फुटबॉल महासंघाने २०२४च्या युरो स्पर्धेत पंचाशी निर्णयाबद्दल बोलण्याचा अधिकार फक्त कर्णधाराला दिला. इतर कोणी पंचाला घेरले तर त्याला पिवळे कार्ड, आणि त्या बदल्यात पंचाने कर्णधाराला निर्णयाचे कारण सांगायचे. हॅरिस ढाल आणि गाइल्स ढाल या मुंबईच्या शालेय स्पर्धांत, तसेच जिल्हा संघटनांच्या निमंत्रित सामन्यांत हा नियम येत्या मोसमापासून लागू करायला कॅमेरा लागत नाही, निधी लागत नाही. सामन्याआधी दोन्ही कर्णधारांना आणि दोन्ही प्रशिक्षकांना पंचांनी एकत्र बोलावून तो वाचून दाखवावा, आणि सीमारेषेबाहेरच्या पालकांनाही तो ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने वाचावा.